मामांच्या पाळतीवर

आमच्या घरातलं कुठलंही खूळ माझ्या नवऱ्यापासून सुरू होतं, हे आधीच सांगून ठेवते. नाहीतर लोक माझ्या नावावर बिल फाडतात. शाळेत शिकवणारी बाई म्हणजे तीच घरात सगळ्यांना नाचवत असणार, असं त्यांना वाटतं.

दिवाळी नुकतीच झाली होती. रविवारी दुपारी जेवणं आटोपली आणि ह्यांनी फोन टीव्हीला जोडून कुठलातरी जुनापुराणा, काळा-पांढरा इंग्रजी सिनेमा लावला. मी म्हटलं, "अहो, एवढा रंगीत टीव्ही घेतला तो हे बघायला?" तर म्हणाला, "बस गं जरा. नवरा-बायको मिळून खुनाचा तपास करतात." (समोर मी त्याला अहो म्हणते, मनात आणि कागदावर अरे. एवढी वर्षं झाली संसाराला, आता चालतं.) मी भांडी तशीच टाकून पाच मिनिटं बसले, आणि सिनेमा संपेपर्यंत उठले नाही.

गोष्ट साधीच होती. बर्फातल्या एका हॉटेलात एक सावकार मरून पडलेला, एका बाईचा मोत्यांचा हार गायब, आणि हे जोडपं तिथं सुट्टीला आलेलं. नवरा रुबाबदार पण विसराळू, दर दोन मिनिटांनी आपली हॅट शोधणारा. बायको पायघोळ झग्यात, आणि तिचं नाक जिथं तिथं. तो अनुमान काढायचा, ती त्यातली चूक काढायची. शेवटी खुनी त्यांच्यावर पिस्तूल रोखून उभा राहतो, आणि ह्या दोघांचं भांडण काय, तर घरून निघताना दूधवाल्याला नको म्हणून कुणी सांगायचं होतं. खुनी बिचारा कंटाळतो. त्याचं लक्ष उडतं आणि पकडला जातो. मी हसून हसून पदरानं डोळे पुसले.

मला त्यात काय आवडलं ते सांगते. आपल्या सिनेमात लग्न झालं की मजा संपली. लग्नाआधी झाडाभोवती गाणी, लग्नानंतर बाईला खोकला नाहीतर सवत. आणि हे दोघं चांगले मुरलेले नवरा-बायको, आणि तरी एकमेकांची टिंगल करत, एकमेकांवर खूश. मला खरंच हेवा वाटला. मी नवऱ्याकडं बघितलं, तो माझ्याकडं बघत होता. मग आम्ही दोघांनीही घाईघाईनं टीव्हीकडं बघितलं.

मागं खुर्चीवर मामा बसले होते. मामा म्हणजे माझे सासरे, आमच्याकडं सासऱ्यांना मामा म्हणतात. त्यांना इंग्रजी येत नाही, पण अर्ध्यातच ते म्हणाले, "त्यो डाक्टर हाय बघा." आणि डॉक्टरच निघाला की. कसं ओळखलंत विचारलं तर म्हणाले, "समदे त्या मेलेल्याकडं बगत्यात, ह्यो दाराकडं बगतोय." मामा जन्मभर लाल बसवर ड्रायव्हर होते. सांगोला त्यांचं गाव, पण दुधनीची गाडी त्यांनी वर्षानुवर्षं चालवली, आणि दुधनी माझं माहेर. सोलापूरला कॉलेजला मी त्यांच्याच गाडीनं यायची. म्हातारीच्या जागेवर बसलेल्या एका धटिंगणाशी मी कानडीत कडाकडा भांडले, ते त्यांनी समोरच्या आरशात बघितलं आणि घरी जाऊन सांगितलं, आपल्या धाकट्याला ही पोरगी. पोरीला जात, गोत, स्वयंपाक काही विचारलं नाही. आरशात बघून सून करणारा माणूस माझ्या ऐकण्यात दुसरा नाही.

सासूबाई जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. मामा दिवसभर घरात एकटे. मी शाळेत, नवरा टॉवेलच्या कारखान्यात ऑफिसला. डब्यात झाकून ठेवलेली पोळी-भाजी संध्याकाळी तशीच दिसायची. रागावलं तर म्हणायचे, "भूक न्हवती." पुण्याला माझे थोरले दीर असतात, अकराव्या मजल्यावर. त्यांनी एकदा फोनवर विचारलं, "आण्णा, दुपारी कुठं होता?" मामा म्हणाले, देवळात. दुसऱ्यांदा म्हणाले, तलावावर. तिसऱ्यांदा म्हणाले, मित्राकडं, आणि तो मित्र वारून तेव्हा बरेच महिने झाले होते.

झालं. दिरांनी ठरवलं, आण्णांना विसर पडायला लागला. "संक्रांतीची गड्ड्याची जत्रा झाली की मी येतो आणि त्यांना घेऊन जातो," ते नवऱ्याला म्हणाले. "इथं चोवीस तास बाई आहे, स्वयंपाकाला मावशी आहेत. तिथं कुठं वाट चुकले तर?" दिरांचा जीव आहे बापावर, त्यात खोट नाही. पण सोलापुरात ज्यांना पानटपरीपासून पोस्टमनपर्यंत सगळे हाक मारतात, त्या माणसाला अकराव्या मजल्यावर नेऊन ठेवायचं म्हणजे काय, ते आम्हा दोघांना कळत होतं. दिरांना उत्तर देण्याआधी मामा खरंच विसरतायत की थापा मारतायत, हे कळायला हवं होतं. विसरत असतील तर आम्ही तरी कुठल्या तोंडानं त्यांना ठेवून घेणार?

आता हे ज्या घरात कळायला हवं होतं, त्या घरात नुकताच तो सिनेमा बघितलेला. नवरा गंभीर चेहरा करून म्हणाला, "आपण तपास करू." मी त्याला वेड्यात काढायला हवं होतं. मी म्हटलं, "आधी पुरावे."

पुरावे भरपूर होते. आमच्या सुट्टीच्या दिवशीही दुपारी तीनला मामा कापडी पिशवी घेऊन बाहेर पडत आणि दिवेलागणीला परत येत. देवळात गेलो म्हणत, पण कपाळाला भस्म नसायचं. उजव्या हाताच्या बोटाला एकदा भाजल्याचा फोड. सदऱ्याला धुराचा वास. स्वयंपाकघरातला एक नवा नॅपकिन नाहीसा. आणि सगळ्यात मोठा पुरावा, सदऱ्याच्या बाहीवर पांढरी पावडर. नवऱ्यानं बाहीचा वास घेतला, भुवया वर केल्या आणि म्हणाला, "टाल्कम पावडर. आण्णा नटून-थटून कुठंतरी जातायत."

"कुठं?"

"अगं, एकटा पुरुष, हातात पिशवी, अंगाला पावडर. कुठंतरी पाणी मुरतंय."

मी कानावर हात ठेवले, पण खरं सांगू, मला गंमतच वाटली. ह्या वयात मामांचं कुठं जुळलं असेल तर जुळू दे की. निदान विसरायला तर लागले नाहीत. पण हे दिरांना सांगायचं कसं? "आण्णांची स्मरणशक्ती उत्तम आहे, त्यांची मैत्रीण आहे," असं पुण्याला कळवलं असतं तर ते त्याच रात्री गाडी काढून आले असते.

पहिल्या पाळतीचा दिवस, एक रविवार. थंडीचे दिवस असले तरी दुपारचं ऊन सोलापूरचं, म्हणजे डोकं तापवणारं. नवऱ्यानं ओळखू येऊ नये म्हणून माकडटोपी घातली आणि वर काळा गॉगल. मी म्हटलं, "अहो, बँक लुटायला चाललोय का आपण?" मी आपली तोंडाला स्कार्फ बांधून स्कूटरवर मागं. मामा चालत पुढं, आम्ही शंभर पावलं मागं, स्कूटर कधी चालू, कधी बंद. ते सिद्धेश्वर तलावाला गेले. काठाकाठानं चालले. एक फेरी झाली, दुसरी सुरू केली. स्कूटर लावून आम्ही पायी निघालो. माझी चप्पल लागायला लागली. मग ते बाकावर बसून शेंगा खायला लागले, सावकाश, एकेक फोडून. आम्ही उसाच्या गाड्यामागं लपलो.

"तुम्ही स्कूटर उन्हात लावलीत," मी म्हटलं.

"तू म्हणालीस तिथं लावली."

"मी म्हटलं होतं झाडाखाली."

"झाड कुठं आहे इथं? दाखव झाड."

आमचा आवाज इतका वाढला की रसवाला चरक थांबवून म्हणाला, "वैनी, रस पिणार का भांडणार?" दोन ग्लास रस घेतला. मान वळवून बघितलं तर बाक रिकामा. टरफलं तेवढी होती. घरी आलो तर मामा चहा पीत बसलेले. आमच्याकडं बघून म्हणाले, "लई घामाघूम झालायसा. कुटं गेलतासा?" नवरा म्हणाला, "देवळात."

त्या संध्याकाळी मी आणि नवरा स्वयंपाकघरात तोंडावर हात ठेवून हसलो. किती वर्षांनी असे हसलो असू कोण जाणे. कामाच्या, बिलांच्या, पोरीच्या हॉस्टेलच्या बोलण्याशिवाय आमच्यात दुसरं बोलणंच राहिलं नव्हतं, आणि आता दोघं कांदा चिरता चिरता कट शिजवत होतो. तो मला "मॅडम डिटेक्टिव्ह" म्हणायला लागला. मला ते फार आवडलं. वरवर मी "पुरे" म्हणत होते.

पुढच्या रविवारी आम्ही शहाणे झालो. माकडटोपी रद्द केली. मामा ह्या खेपेला तलावाकडं वळलेच नाहीत. पूर्वभागात शिरले, जिथं गल्लीबोळात मागांचा खडखड आवाज चालू असतो आणि अंगणात रंगीत सूत वाळत असतं. एका गल्लीत बुटकं घर, दार उघडं. मामांनी बाहेरच चपला काढल्या, टोपी काढून खिशात ठेवली, केसांवरून हात फिरवला. आतून हिरव्या साडीतली, भरल्या हातांची एक ठसठशीत बाई आली. मामांना बघून हसली. "आज उशीर?" मामा काहीतरी पुटपुटले आणि आत गेले.

नवऱ्यानं माझा दंड धरला. "बघ."

"बघतेय."

"दादाला काय सांगू मी?"

त्याचा चेहरा उतरला होता. इतका वेळ टिंगल करणारा माणूस, पण बाप परक्या बाईच्या घरात चपला काढून गेलेला बघून त्याला आईची आठवण आली असणार. मी त्याचा हात धरला. भर रस्त्यात, भर दुपारी. मग आतून आवाज यायला लागला. थप, थप, थप. एक नाही, चार-पाच ठिकाणांहून.

आम्ही खिडकीशी गेलो. आत ओळीनं बायका बसलेल्या, प्रत्येकीपुढं परात, मागं पेटलेल्या चुली, भिंतीशी कडक भाकऱ्यांच्या चळती. सोलापुरात अशी घरं पुष्कळ आहेत. पापडासारख्या पातळ, महिनाभर टिकणाऱ्या भाकऱ्या तिथं होतात आणि पुण्या-मुंबईपर्यंत जातात. आमच्या घरातही भाकरी अशीच विकत येते, मला थापायला वेळ होत नाही. आणि त्या बायकांच्या ओळीत, शेवटच्या पाटावर, बाह्या सारून, खांद्यावर आमचा नवा नॅपकिन टाकून मामा. कोपरापर्यंत पिठात.

टाल्कम पावडर. मी कपाळावर हात मारला. ज्वारीच्या मुलखातली मी, सांगोल्याच्या ज्वारीवर वाढलेला हा, आणि दोघांना ज्वारीचं पीठ ओळखता आलं नाही. घरात भाकरी थापलीच जात नसेल तर पीठ कसं ओळखायचं? काखेत कळसा आणि गावाला वळसा, तो असा.

मामांची भाकरी कडेनं फाटली. हिरव्या साडीतल्या बाई म्हणाल्या, "आण्णा, पीठ नीट मळलंच नाही तुम्ही. स्टिअरिंगसारखं धरू नका, तळव्यानं फिरवा." सगळ्या बायका हसल्या. मामाही हसले. सासूबाई गेल्यापासून त्यांना असं हसताना मी पहिल्यांदा बघत होते. आणि मग मान न वळवता ते म्हणाले, "आत या की. उन्हात किती येळ हुबं ऱ्हानार?"

आमची पाचावर धारण बसली. आत गेलो, शाळेत उशिरा आलेल्या पोरांसारखे दाराशी उभे राहिलो.

"तुम्हाला कधी कळलं, आण्णा?" नवऱ्यानं विचारलं.

"पयल्याच दिशी. जलमभर मागनं कोन येतंय ते बगत गाडी चालिवली, आनि तुजी फटफटणारी स्कूटर मला कळंना व्हय? तलावाला दुसरी चक्कर उगंच मारली. म्हनलं, सुनबाईला जरा चालनं हुतंय का बगावं."

बायका पदरात तोंड घालून हसत होत्या. मी विचारलं, "पण मामा, घरी का नाही सांगितलं? मी शिकवलं असतं."

"तुला येतीया?"

खरं तर मला येते, पण गोल होत नाही, आणि हे त्यांना माहीत होतं.

घरी येताना तिघंही चालत आलो. नवरा स्कूटर ढकलत. मामांनी बजावलं, थोरल्याला यातलं एक अक्षर बोलायचं न्हाय. आम्ही कबूल केलं. आता आमच्याकडं दिरांना द्यायला उत्तर होतं. मामांचं डोकं शाबूत होतं, आम्हा दोघांच्या डोक्यांची बेरीज केली त्यापेक्षा जास्त. वाटलं, सुटलो.

जत्रा झाली आणि दीर आले. मोठी रिकामी बॅग घेऊन आले, मामांचे कपडे भरायला. मी आणि नवऱ्यानं आमचा तपास मांडला, भाकरीचं तेवढं सोडून. त्यांना सगळं आठवतं, वाट चुकत नाहीत, थापा मारतात त्या मुद्दाम मारतात. दीर ऐकून घेत होते, पण मान हलवत होते. "विसरत नाहीत हे चांगलंच आहे. पण दुपारी जेवतात का? तूच सांगितलंस ना, डबा तसाच असतो." सांगितलं होतं मी. ते म्हणाले, "तुमची चूक नाही. तुम्ही दोघं कामाला. पण ह्या वयात माणसानं थंड डबा उघडून एकट्यानं जेवायचं?" नवरा म्हणाला, मी दुपारी घरी येत जाईन. दीर म्हणाले, किती दिवस येशील? मी म्हटलं, मी मधल्या सुट्टीत येते. दीर म्हणाले, शाळा सोडून? असं बराच वेळ चाललं. आमच्या तिघांचंही खरं होतं, म्हणून कुणी मागं हटत नव्हतं.

स्वयंपाकघरातून थप थप आवाज आला तेव्हा आम्ही तिघं थांबलो. दिरांनी माझ्याकडं बघितलं, मग माझ्या हातांकडं. मी इथंच बसलेय म्हटल्यावर ते उठून आत गेले. त्यांच्यामागं आम्ही.

मामा खाली बसून भाकरी थापत होते. शेगडी खाली उतरवून घेतलेली, बाजूला परात. पहिली भाकरी तव्यावर टाकताना दुमडली. त्यांनी ती काढून बाजूला ठेवली, दुसरा गोळा घेतला, तळव्यानं फिरवत फिरवत मोठा केला, भाकरी तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला, उलटली, जाळावर धरली. ती टम्म फुगली. ताट पुढं ओढून त्यांनी ती दिरांना वाढली, बाजूला शेंगाचटणी, कच्चा कांदा, वर तेलाची धार. दीर पॅन्ट-शर्टातच तिथं फरशीवर मांडी घालून बसले.

एक घास खाल्ला आणि त्यांचे डोळे भरले. "आईसारखी नाही झाली," ते म्हणाले. हसतही होते.

"न्हाय हुनार. तिनं मला कदी चुलीपाशी बसूच दिलं न्हाय. एवडी एक गोष्ट तिनं माजी वाईट केली." मामा तिसरा गोळा मळायला लागले. "डबा उगडून गार पोळी माज्या नरड्याखाली उतरंना. म्हनून म्हनलं, आपुन शिकावं. आता दुपारी गरम भाकरी खातो, शेजारच्या म्हाताऱ्यालाबी घालतो. त्याबी बिचाऱ्याला गारच डबा आसतोय."

नवऱ्यानं आणि मी एकमेकांकडं बघितलं. डबा तसाच का राहतो, हे आम्ही पुराव्यात धरलंच नव्हतं.

"मग आण्णा, हे आधी सांगायचं नाही का?" दीर म्हणाले. "आम्ही इकडं काळजीनं..."

मामांनी हातातला गोळा परातीत ठेवला. आवाज चढवला नाही. "तू फोनवर धाकट्याला इचारतोस, आण्णा कुटं ऱ्हातील. धाकटा बायकोला इचारतो. ही दोगं माज्या मागं स्कूटर घिऊन फिरत्यात. आत्ताबी भायेर बसून तिगं ठरवत हुतासा. वरीस झालं तुमची आई जाऊन. मला कुनी इचारलं का?"

मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही. खरंच, कुणी विचारलं नव्हतं. माकडटोपी घातली, तलावाला फेऱ्या मारल्या, बाह्यांचा वास घेतला, खिडकीतून डोकावलो, पण समोर बसून एक साधा प्रश्न आम्हाला सुचला नव्हता.

दिरांनी हात ताटावरच ठेवले. घास गिळला.

"आण्णा," ते म्हणाले, "तुम्हाला कुठं राहायचंय?"

"हितं," मामा म्हणाले, आणि गोळा परत हातात घेतला. "उनाळ्यात म्हयनाभर येतो की तुज्याकडं. पन जाळाची शेगडी असंल तर. त्या तुज्या काचंच्या शेगडीवर भाकरी फुगत न्हाय म्हनं."

दिरांनी ताट पुढं सरकवलं.

"अजून एक टाका," ते म्हणाले.